खळ्यातला जुना ट्रॅक्टर : स्वस्तात मिळतो, पण परवडतो का?



कोणत्याही गावात एक फेरी मारली तर एखादा तरी जुना ट्रॅक्टर कडुलिंबाखाली किंवा पडक्या गोठ्याच्या आडोशाला उभा दिसतो. मागचे टायर जमिनीत रुतलेले, बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या, धुराड्यात चिमण्यांचे घरटे. मालक म्हणतो, "न्या एवढ्या-तेवढ्याला, नुसती जागा अडलीय." घरातला तरुण मुलगा ते ऐकतो आणि रात्री जेवताना विषय काढतो, "बाबा, थोडे काम केले की चालू होईल. नव्याच्या किमतीत असले पाच येतील."

मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नसते. जुने ट्रॅक्टर साधे आणि दणकट होते. त्यांत संगणक नाही, हातपान्याने न उघडणारे भाग फार थोडे. परंतु "थोडे काम" या दोन शब्दांत किती पैसे बुडतात, हे व्यवहार होण्यापूर्वी पाहिले पाहिजे. त्यासाठी हा लेख.

कोणता ट्रॅक्टर आहे?

आपल्या देशात ट्रॅक्टर बनवण्याचे काम 1959 साली फरिदाबादला आयशरने सुरू केले. 1960 मध्ये चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, टॅफे ही कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर आले. 1963 मध्ये महिंद्रांनी अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने कारखाना काढला. त्यातला बी-275 पुष्कळांना आठवत असेल. 1971 मध्ये हरियानातील पिंजोर येथे एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर बनावटीचे ट्रॅक्टर बांधावयास घेतले. 1974 मध्ये पंजाबमधून स्वराज 724 बाहेर पडला. खळ्यात उभे असलेले बहुतेक जुने धूड या चार-पाच घराण्यांपैकी एकाचे असते.

घराण्याचे नाव विचारायचे ते सुट्या भागांसाठी. महिंद्रा, स्वराज, मॅसी यांचे बरेचसे भाग अजून तालुक्याच्या गावी मिळतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास सरकारने 2016 मध्ये मान्यता दिली, त्यामुळे त्याच्या भागांसाठी मोठ्या शहरातील दुकाने धुंडाळावी लागतात. यंत्र चांगले असले तरी पेरणीच्या दिवसांत एका ऑइल सीलसाठी चार दिवस गेले, तर त्या चांगुलपणाचा काय उपयोग? म्हणून ट्रॅक्टर पाहण्याआधी सुट्या भागांच्या दुकानदाराकडे जा. लायनर-पिस्टनचा संच, क्लच प्लेट, लिफ्टच्या सीलचा संच आणि पाण्याचा पंप, या चार वस्तू दोन दिवसांत मिळतील का आणि कितीला, एवढे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे जाऊच नका.

दुसरा प्रश्न ताकदीचा. 25 अश्वशक्तीचा दोन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर हलक्या जमिनीत मशागत, पेरणी, फवारणी आणि ट्रॉली यांना पुरतो. भारी काळ्या रानात खोल नांगरट त्याच्याकडून अपेक्षू नये. पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण 35 ते 45 अश्वशक्ती लागते. तुमच्या कामाला पुरत नसेल, तर फुकट मिळाला तरी तो महाग.

आधी कागद, मग इंजिन

पुष्कळ जण आधी इंजिन सुरू होते का पाहतात आणि कागद "नंतर बघू" म्हणून सोडतात. हा क्रम उलटा करा. बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, कागद नसलेला ट्रॅक्टर तुमच्या नावावर होत नाही.

आरसी पुस्तकावरील नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे ना, हे पाहा. इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक ट्रॅक्टरवर शोधा, गंज पुसा, वर कागद धरून पेन्सिलने छाप घ्या आणि पुस्तकाशी ताडून पाहा. एकही आकडा घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर तेथून परत फिरा.

मूळ मालक वारला असेल तर ट्रॅक्टर आधी वारसाच्या नावावर व्हावा लागतो. त्यासाठी नमुना 31 आहे. त्यानंतरच तो तुमच्या नावावर येतो. भाऊबंदकीत एका भावाने विकला आणि दुसऱ्याने हरकत घेतली, असे प्रकार होतात. सर्व वारसांची लेखी संमती घ्या.

पुस्तकावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, तेही पाहा. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटले तरी बोजाची नोंद तशीच राहिलेली असते. ती काढण्यासाठी नमुना 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. मधल्या काळात बँकेचे विलीनीकरण झाले असेल तर जुने खाते शोधण्यातच महिने जातात. हे काम विकणाऱ्याने करून द्यावे, असे ठरवा आणि तोवर पूर्ण रक्कम देऊ नका.

हस्तांतरासाठी नमुना 29 आणि 30 लागतात. ट्रॅक्टर परराज्यातला असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, हवे. पंधरा वर्षे उलटलेल्या ट्रॅक्टरची नोंदणी नूतनीकरण झालेली आहे का, नसेल तर शुल्क व दंड किती होईल, हे आपल्या परिवहन कार्यालयात विचारूनच भाव ठरवा. हल्ली एमपरिवहन या मोबाइलवरील सोयीने नोंदणी क्रमांक टाकून बरीचशी माहिती घरबसल्या कळते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हेही विसरू नका.

पाहणी कशी करावी

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. ट्रॅक्टरही तसाच पाहावा. सोबत माहितगार मिस्त्री न्यावा आणि त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी. मात्र तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

ट्रॅक्टर "चालू आहे" असे सांगितले असेल, तर गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. कोमट लागले तर तुमच्या आधी कोणी तरी तो तापवून ठेवला आहे. थंड इंजिन पहिल्या दणक्यात कसे सुरू होते, हीच खरी परीक्षा.

सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पाणी तळाशी बसते. म्हणून खालचा निचऱ्याचा बोल्ट थोडासाच ढिला करून पाहावा. आधी पाणी आले तर समजावे. गिअरबॉक्सलाही हीच कसोटी लावा, कारण गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पावसाचे पाणी आत जाते.

इंजिन सुरू झाले की धुराकडे पाहा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो; इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तर हेड गास्केट किंवा हेडच गेले असण्याचा संभव आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : एअर फिल्टर तुंबला असेल किंवा पंप-नोझलचे काम असेल. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण उघडा. तेथून धूर फुसफुसत जोराने येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. इंजिन चांगले तापल्यावर, कमी वेगात असताना ऑइलच्या दाबाचा काटा कोठे राहतो, तेही पाहा.

मग लिफ्ट. मागे नांगर जोडा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि लिफ्टच्या दांड्यापाशी खडूने खूण करा. दहा मिनिटांत नांगर जमिनीला टेकला तर आतील सील किंवा सिलिंडर कामाला आले आहेत.

पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवा. खुळखुळत असतील तर किंगपिन, बुश किंवा बेअरिंगे गेली. दोन्ही ब्रेक वेगवेगळे आणि एकत्र लागतात का, क्लच दाबल्यावर गिअर खरखर न करता पडतात का, भरलेली ट्रॉली ओढताना क्लच घसरतो का, हे शेतात चालवून पाहा. मागच्या टायरांच्या भेगा आणि रिमचा गंज दोन्ही तपासा. टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर रिम आतून सडलेले असू शकते.

ट्रॅक्टर मुळीच चालू होत नसेल तर इंजिन, क्लच, लिफ्ट आणि गिअरबॉक्स या चारही गोष्टी बिघडलेल्याच आहेत, असे धरून भाव करा. विकणाऱ्याला राग आला तरी चालेल.

हिशेब कागदावर मांडा

आता पाटी-पेन्सिल घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

समजा, बंद ट्रॅक्टर 90,000 रुपयांना ठरला. घरी आणण्याचे 5,000. इंजिन बांधणीचे 55,000. मागचे दोन टायर 36,000. क्लच 12,000. डिझेल पंप आणि नोझल 12,000. लिफ्ट 10,000. बॅटरी आणि वायरिंग 10,000. स्टेअरिंग आणि पुढचा एक्सल 10,000. कागदपत्रे व विमा 10,000. बेरीज झाली 2,50,000 रुपये. यातील खरेदी वजा केली तर दुरुस्ती व इतर खर्च 1,60,000 होतो. उघडल्यावर आणखी काही निघतेच. त्यासाठी त्या खर्चाचा चौथा हिस्सा, म्हणजे 40,000, बाजूला ठेवा. एकूण 2,90,000.

आता दोन प्रश्न विचारा. त्याच मॉडेलचा, बऱ्या स्थितीतला, चालता ट्रॅक्टर शेजारच्या गावात 2,20,000 ला मिळत असेल, तर 90,000 चा ट्रॅक्टर खरोखर स्वस्त आहे का? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण अशाच व्यवहारांसाठी झाली आहे.

दुसरा प्रश्न : पाच एकरांची वर्षभराची भाड्याची मशागत, पेरणी आणि वाहतूक समजा 30,000 रुपयांत होते. मग 2,90,000 म्हणजे जवळजवळ दहा वर्षांचे भाडे झाले, आणि त्यात ट्रॅक्टरचे डिझेल, ऑइल, पुढची दुरुस्ती धरलेलीच नाही. दुसऱ्यांच्या शेतावर भाड्याने काम मिळवण्याची खात्री असेल तरच हे गणित बदलते.

मग हा उद्योग कोणी करावा? ज्याच्या घरात हात चालणारे माणूस आहे त्याने. मुलगा आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेला आहे, गावात लेथ आहे, आणि खर्च दोन वर्षांत विभागून करता येतो, तर मजुरीचा मोठा भाग घरातच राहतो. शिवाय मुलगा जे शिकतो, ते त्याला जन्मभर पुरते. मात्र कर्ज काढून असा ट्रॅक्टर घेऊ नये. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, ट्रॅक्टर सुरू होत नाही.

दोन घरांची गोष्ट

माझ्या तालुक्यातील दोन घरे सांगतो. पहिल्या घराने दिवाळीनंतर बंद ट्रॅक्टर घेतला. येत्या मृगाला याच ट्रॅक्टरने पेरायचे, असे ठरवून बैलजोडी पौषातच बाजारात विकली. त्या पैशांतून इंजिन उघडले. इंजिन झाले तेव्हा लिफ्ट बिघडलेली निघाली. लिफ्ट झाली तेव्हा पंप शहरात अडकला. पहिला पाऊस चांगला पडला, वाफसा आला, आणि ट्रॅक्टर खळ्यात अर्धा उघडा. गावातले भाड्याचे ट्रॅक्टर आधीच्या नंबरांत अडकलेले. यांची सोयाबीनची पेरणी बारा दिवस मागे पडली, शेवटी तेही पीक पिवळे पडण्याच्या काळात पाण्याच्या ताणात सापडले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम त्या वर्षी घरखर्चाला लागली. दोष ट्रॅक्टरचा नव्हता. पावसाला तारीख देता येत नाही, आणि उघडलेल्या इंजिनालाही देता येत नाही.

दुसऱ्या घरी दोघे भाऊ. थोरल्याची बायको व्यवहाराच्या दिवशी म्हणाली, "ट्रॅक्टर आणा, माझी ना नाही. पण तो स्वतः नांगर ओढून दाखवीपर्यंत बैल दावणीलाच राहतील." तेवढ्या एका अटीने घर वाचले. त्यांनी दोन हिवाळे काम केले. पहिल्या वर्षी इंजिन आणि ब्रेक, दुसऱ्या वर्षी लिफ्ट आणि टायर. जेवढा कापूस विकला जाई, त्यातून ठरलेली रक्कमच ट्रॅक्टरला. धाकटा भाऊ मिस्त्रीच्या हाताखाली राबला. आज तो गावातील इतरांचे क्लच बसवून देतो. त्या ट्रॅक्टरला रंग अजून लागलेला नाही.

काम कोणत्या क्रमाने करावे

पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम सेल मारू नका. जुने डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर बदला, ऑइल बदला, रेडिएटरमध्ये पाणी घाला. नोझल काढून त्या छिद्रांतून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरते का पाहा. फिरल्यावरच नोझल बसवा, डिझेलच्या नळ्यांतील हवा काढा आणि सुरू करा. इंजिन बंद करण्याचा दांडा नीट काम करतो, याची आधी खात्री करा. जुना पंप अडकला तर इंजिन भरमसाट पळू लागते. अशा वेळी हवेचे तोंड झाकण्यासाठी एक जाड फळी हाताशी ठेवावी. हात कधीही लावू नये.

उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाचे मोबाइलवर छायाचित्र घ्या. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर नाव लिहा. इंजिन बांधून झाल्यावर पहिले सुमारे 50 तास हलके काम द्या आणि मग ऑइल बदला.

काढलेले ऑइल विहिरीजवळ किंवा रानात ओतू नका. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रंग सर्वांत शेवटी. ज्याने आधी रंग दिला, त्याचे इंजिन बहुधा तसेच राहते.

जिवाची काळजी

क्लचसाठी ट्रॅक्टरचे मधून दोन भाग करावे लागतात. ते दगड-विटांवर टेकवू नका. मजबूत लाकडी ठोकळे आणि घोडे वापरा. नोझल तपासताना फवाऱ्यापुढे हात धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीखाली शिरते आणि मग तातडीने दवाखाना गाठावा लागतो. सेल बिघडला म्हणून खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने तारा जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो तुमच्याच अंगावरून जातो.

जुन्या ट्रॅक्टरांच्या पीटीओ शाफ्टवर आवरण उरलेले नसते. हा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे फिरतो. मळणीच्या वेळी साडीचा पदर, उपरणे किंवा सैल बाही त्यात सापडली की ओढून काढायला वेळच मिळत नाही. आवरण हे दुरुस्तीच्या यादीत पहिल्या पाचांत लिहा. जड ओझे ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर बांधली तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवा. विमा काढल्याशिवाय रस्त्यावर आणू नका आणि ट्रॉलीत माणसे बसवू नका.

व्यवहाराच्या आदल्या रात्री

घरातील सर्वांना एकत्र बसवा आणि पाच गोष्टी मोठ्याने वाचा : कागद स्वच्छ आहेत का, भाग तालुक्यात मिळतात का, हिशेबात चौथा हिस्सा जादा धरला आहे का, काम कोण करणार, त्याचे नाव काय, आणि ट्रॅक्टर वेळेवर झाला नाही तर यंदाची पेरणी कशाने होणार. पाचांची उत्तरे मिळाली तर खुशाल घ्या. एकाचेही उत्तर "बघू" असे आले, तर तो ट्रॅक्टर कडुलिंबाखाली आणखी एक वर्ष उभा राहू द्या. भाव फारसा वाढणार नाही.